लॅपटॉप वळखना: कुळागरातल्या पाऊसमापकाच्या प्रकल्प नोंदी

७ जून, शनिवार

यंदा पाऊस मे संपायच्या आतच आला आणि माझं यंत्र मात्र अजून जेवणाच्या टेबलावर पडलंय, म्हणून आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं, नाहीतर काय केलं आणि काय राहिलं ते दोन दिवसांत विसरायला होतं. घरी आमची कोंकणीच, पण बाबांची पावसाची डायरी मराठीत आहे त्यामुळे मी पण मराठीतच लिहितो.

प्रकल्प साधा आहे. सावईवेऱ्याला आमचं छोटं कुळागर, माड, पोफळी, थोडी मिरी. बाबा अंगणात एक सरळ भिंतीचा पत्र्याचा डबा ठेवतात, रोज सकाळी साडेआठला त्यात स्टीलची पट्टी बुडवतात, आकडा डायरीत लिहितात, डबा उपडा करतात. साडेआठच का, तर हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असाच असतो. आकडा इंचात. गोव्यात पाऊस इंचातच बोलतात लोक, 'शंभर झाले काय' विचारलं की शंभर इंच झाले का एवढाच अर्थ. आता बाबांना वाकायला त्रास होतो, म्हणून मी मोठ्या तोंडाने सांगून बसलो की यंत्र करून देतो.

यंत्र असं: वर २० सेंटीमीटर व्यासाचं नरसाळं, खाली सीसॉसारखी दोन खणांची छोटी बादली, एक खण भरला की ती कलंडते आणि दुसरा खण धारेखाली येतो, प्रत्येक कलंडीला चुंबक एका रीड स्विचवरून (चुंबक जवळ आला की जोडला जाणारा स्विच) जातो, आणि ते मोजायला अर्दुइनो नॅनो, प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड. म्हणजे नॅनोचा क्लोन, खरा घ्यायला मन होत नाही. लोखंड, प्लास्टिक, फेव्हिक्विक सगळं तीन रविवारांत झालं. आज पहिल्यांदा बोर्ड लॅपटॉपला लावला.

बोर्डवरचा लाल दिवा लागला. दुसरा दिवा एक-एक सेकंदाने मिचकतोय, म्हणजे आतला प्रोग्रामसुद्धा चालू. आणि लॅपटॉप ढिम्म. अर्दुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्टची यादी राखाडी, क्लिकच होत नाही.

लॅपटॉप जुना, सेकंडहँड, उबंटू २२.०४ (लिनक्स) टाकलेला. उद्या बघू.

८ जून, रविवार

अख्खा दिवस गेला. डाव्या बाजूचे दोन्ही पोर्ट झाले, उजवीकडचा झाला, रीस्टार्ट झाला. मग वहिनींचा ऑफिसचा विंडोजवाला लॅपटॉप मागून घेतला, त्याला लावलं तर नेहमीचा टुडुंग आवाज पण नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोणसुद्धा नाही. केबल बदलली, म्हणजे पहिली गाडीच्या डॅशकॅमसोबत आलेली होती ती काढून ब्लूटूथ स्पीकरची लावली, दोन्ही मिनी यूएसबी. तरी तेच.

दोन लॅपटॉप, दोन केबल, एक बोर्ड. हिशोब सोपा, बोर्ड मेला. दुसरा ऑर्डर केला.

तो येईपर्यंत गप्प बसायचं ना, पण नाही. कर्नल (उबंटूचा गाभा) अपडेट केला, अर्दुइनोचं सॉफ्टवेअर काढून जुनं टाकलं, कुठूनतरी एक यूडेव्ह नियम (कुठली वस्तू लावली की उबंटूने काय करायचं ते सांगणारी ओळ) कॉपी करून पेस्ट केला, बायोसमध्ये यूएसबीचं एक सेटिंग बदलून आलो. काय बदललं ते कागदावर लिहिलं नाही.

बाबा दोनदा येऊन विचारून गेले, "कितें रे, वळखता?" म्हणजे काय रे, ओळखतो का?

११ जून, बुधवार

कुंडईला कंपनीत मी इन्स्ट्रुमेंटेशनलाच आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या सेन्सरच्या वायरी तपासायच्या आणि घरी येऊन स्वतःची एक वायर तपासायची नाही असा प्रकार. जेवणाच्या सुट्टीत आमच्या सिनियरना सांगितलं. ते पहिलाच प्रश्न, "केबल बदलली?" मी म्हटलं हो बदलली. "ज्या केबलीने आधी डेटा गेलाय अशी लावली?" मी म्हटलं स्पीकरची लावली. ते काही बोलले नाहीत, ताकाचा ग्लास संपवला आणि उठले.

तेव्हा मला राग आला. दिवा लागतोय म्हणजे केबल ठीक आहे, एवढं साधं यांना कळत नाही का असं वाटलं. हे नंतर लिहून ठेवतोय, कारण शनिवारी काय झालं ते पुढे आहेच.

१४ जून, शनिवार

नवीन बोर्ड आला. लावला. लाल दिवा. मिचकणारा दिवा. लॅपटॉप ढिम्म.

एक बोर्ड मेलेला असू शकतो. दोन्ही मेलेले, आणि दोन्ही अगदी एकसारखेच मेलेले, हे जरा जास्तच होतं. मग सिनियरचा तो ताकाचा ग्लास आठवला.

मल्टिमीटर काढला. यूएसबीच्या मोठ्या टोकाला आत चार पट्ट्या असतात, बाहेरच्या दोन पॉवरच्या, मधल्या दोन डेटाच्या. नीट बघितलं तर बाहेरच्या दोन पट्ट्या मधल्यांपेक्षा किंचित पुढे आलेल्या दिसतात, ते मुद्दाम असतं, खुपसताना आधी पॉवर जोडली जावी आणि मग डेटा. डॅशकॅमच्या केबलला चारही पट्ट्या होत्या, चकचकीत, त्यामुळे संशय यायला जागाच नव्हती. पण मिनीच्या टोकाला मल्टिमीटरची टोकं बसेनात, एवढ्या बारीक पिना, टाचणी धरून प्रयत्न केला, हात थरथरतो, बीप होते की नाही ते धड कळेना. वैताग आला. शेवटी ब्लेड घेतलं आणि केबल मधोमध कापली.

वरचं काळं रबर सोललं. आत एक लाल, एक काळी. बस. पांढरी नाही, हिरवी नाही, जाळी नाही, वरून फक्त थोडा पांढरा दोरा भरून जाडी आणलेली. स्पीकरची केबल पण कापली, त्यात तर दोरासुद्धा नव्हता. दोन्ही नुसत्या चार्जिंगच्या केबली.

म्हणजे मी ८ तारखेला केबल 'बदलली' ती बदललीच नव्हती. दोन लॅपटॉप तपासले ते पण तपासले नव्हते, कारण मधला दोर तोच. चालते हे आधी पाहिलेलं नाही अशी वस्तू लावून दुसरी वस्तू तपासायची म्हणजे दोन बंद घड्याळं एकमेकांशी लावून वेळ बघण्यातला प्रकार.

दिव्याने फसवलं ते का, ते आज नीट वाचून काढलं. लाल-काळ्या वायरीतून ५ व्होल्ट येतात, बोर्डला तेवढ्यावर जगता येतं, दिवा लागतो, आतला प्रोग्राम धावतो. पण काही लागलंय हे लॅपटॉपला कळतं ते त्या ५ व्होल्टवरून नाही. लॅपटॉपच्या पोर्टच्या आत डेटाच्या दोन्ही वायरी १५ किलोओहमच्या रेझिस्टरने खाली शून्याकडे ओढून धरलेल्या असतात. आपण वस्तू खुपसली की ती वस्तू त्यातली एक वायर १.५ किलोओहमने ३.३ व्होल्टकडे वर ओढते. १.५ पुढे १५ म्हणजे ओढाओढीत वस्तूच जिंकणार, वायर वर जाते, आणि तेव्हा लॅपटॉपला कळतं की दारात कोणीतरी आहे. डी प्लस वर गेली तर १२ मेगाबिटवाली वस्तू, डी मायनस वर गेली तर दीड मेगाबिटवाली, म्हणजे जुने माउस-कीबोर्ड वगैरे. त्यानंतर लॅपटॉप रीसेट देतो, नंबर देतो, तू कोण म्हणून विचारतो. ती वायरच नसेल तर पुढचं काहीच होत नाही, ड्रायव्हर कुठला टाका आणि कर्नल कुठला टाका. मी आठवडाभर घरातल्या माणसाची समजूत काढत होतो आणि बेल वाजवणारा बाहेर पोचलाच नव्हता.

विंडोजमध्ये पिवळा त्रिकोण पण आला नाही ही खूणच होती खरं तर. त्रिकोण यायला सुद्धा आधी बेल वाजावी लागते. संपूर्ण शांतता म्हणजे केबल, पोर्ट नाहीतर बोर्डचं यूएसबीचं तोंड. ड्रायव्हरचा त्यात संबंधच नाही. हे कळलं असतं तर कर्नलला हात लावला नसता.

रात्री बाबा, "आजून वळखना?" म्हटलं आज वळख का होत नाही ते तरी कळलं.

१५ जून, रविवार

मिनी यूएसबीची डेटावाली केबल आता कुठून आणायची, फोंड्याला रविवारी दुकानं बंद. मग आठवलं, जुन्या पोर्टेबल हार्ड डिस्कची एक केबल होती, दोन तोंडांची, एका पोर्टने करंट पुरत नसे म्हणून दोन पोर्टना लावायची ती. माळ्यावर चवथीच्या दिव्यांच्या माळा ठेवतो त्या पेटीत सापडली, माटोळीच्या दोऱ्यांमध्ये गुंतलेली. हिच्यातून सिनेमे कॉपी केलेले आठवतात, म्हणजे डेटा जातो हे नक्की. त्या केबलवर लगेच वहिनींच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

टर्मिनलमध्ये सुडो लावून डीमेसेज (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) लाईव्ह चालू ठेवलं, दोन तोंडांपैकी एक लॅपटॉपला लावलं.

आणि ओळी सरकल्या! नवीन फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस. व्हेंडर आयडी १ए८६, प्रॉडक्ट आयडी ७५२३. सीएच३४१ कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी० ला, म्हणजे मला हव्या त्या पोर्टला जोडला. मी बाबांना हाक मारली. बाबा येईपर्यंत खाली आणखी तीन ओळी: इंटरफेस शून्य सीएच३४१ कडे असताना ब्रलटीटीवाय कॉन्फिग लावतोय, आणि मग कन्व्हर्टर डिस्कनेक्टेड. पोर्टची यादी परत राखाडी.

दोन सेकंद. दोन सेकंदच ओळखलं आणि परत विसरला.

पहिला बोर्ड लावला, तोच प्रकार. म्हणजे तो मेलेला नव्हताच, फुकट दुसरा मागवला. पण आजचा प्रकार कालच्यापेक्षा वेगळा आहे हे मला बरं वाटलं. काल बेलच वाजत नव्हती, आज दार उघडलं आणि कोणीतरी दुसऱ्यानेच पाहुण्याला हाताला धरून आत नेलं.

आधी मात्र ८ तारखेचा माझा गोंधळ निस्तरला. पेस्ट केलेला यूडेव्ह नियम काढला, बायोस डिफॉल्टवर, अर्दुइनोचं नवीन सॉफ्टवेअर परत. यात दोन तास. आता एका वेळी एकच बदल आणि तो वहीत लिहून, मगच पुढचा.

१७ जून, मंगळवार

ब्रलटीटीवाय म्हणजे काय ते शोधलं. अंध लोकांसाठी ब्रेल डिस्प्ले असतात, स्क्रीनवरची ओळ बोटांखाली उठावाच्या टिंबांत दाखवणारे, ते चालवणारा हा प्रोग्राम. आता काही ब्रेल डिस्प्ले आतमध्ये संगणकाशी बोलायला नेमकी तीच सीएच३४० चिप (तिच्या ड्रायव्हरचं नाव सीएच३४१) वापरतात जी माझ्या नॅनोवर आहे, त्यामुळे दोघांचा आयडी एकच, १ए८६ आणि ७५२३. उबंटू २२.०४ मध्ये यूडेव्हच्या नियमात हा आयडी ब्रेल डिस्प्ले म्हणून लिहिलेला, त्यामुळे नॅनो लावला की ब्रलटीटीवाय म्हणतो हा माझा, आणि खऱ्या ड्रायव्हरच्या हातातून काढून घेतो. यात कोणाची लबाडी नाही. चिप बनवणाऱ्याने हजार तऱ्हेच्या वस्तूंत जाणाऱ्या चिपला एकच नंबर दिला, आणि वस्तू बनवणाऱ्याने तो बदलला नाही. एकाच आडनावाची सगळी घरं असलेल्या वाड्यावर पोस्टमनचं होतं तसं.

अख्खा प्रोग्राम अनइन्स्टॉल करायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी असतो. मला ते पटलं नाही, हा लॅपटॉप पुढे कोणाकडे जाईल कोण जाणे आणि त्याला तो लागला तर? म्हणून नियमांची फाईल ईटीसीमधल्या यूडेव्हच्या फोल्डरात कॉपी केली आणि त्या कॉपीत ७५२३ ची तेवढी ओळ हॅश लावून बंद केली, एकाच नावाची फाईल दोन्हीकडे असली की ईटीसीतलीच वाचली जाते. नियम रीलोड, बोर्ड काढून परत लावला.

टीटीवाययूएसबी०. पाच सेकंद. दहा सेकंद. पडला नाही.

अपलोड दाबलं: परमिशन डिनाइड. हे सोपं होतं, आपल्या युजरला डायलआउट ग्रुपमध्ये, म्हणजे असले पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांत, टाकावं लागतं. टाकलं तरी तेच, मग लक्षात आलं की लॉगआउट होऊन परत लॉगइन झाल्याशिवाय ते लागूच होत नाही. साडेअकरा झाले. झोपलो.

२१ जून, शनिवार

अपलोडला आता 'प्रोग्रामर उत्तर देत नाही' असं दहा वेळा. क्लोन नॅनोवर बहुतेक वेळा जुना बूटलोडर (अपलोड झालेला प्रोग्राम बोर्डात उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम) असतो, तो ५७६०० च्या वेगाने बोलतो आणि सॉफ्टवेअर नवीन बोर्ड समजून ११५२०० ने. प्रोसेसरच्या मेन्यूत 'ओल्ड बूटलोडर' निवडलं, झालं.

मग कॅलिब्रेशन, हे काम मला सगळ्यात आवडलं. २० सेंटीमीटर व्यास म्हणजे ३१४ चौरस सेंटीमीटर तोंड, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला ३१.४ मिलीलीटर पाणी. औषधाच्या दुकानातून १० मिलीची सिरिंज आणली आणि थेंब थेंब सोडत बसलो, बाबा शेजारी वही घेऊन. एक खण ७.१ ला कलंडतो, दुसरा ६.९ ला. स्क्रू फिरवून सारखे करायचा प्रयत्न केला तर आणखी बिघडले, म्हणून सरासरी ७ धरली. एका कलंडीला ०.२२३ मिलिमीटर. बाबांनी विचारलं इंचात किती, २५.४ ने भागून सांगितलं, त्यांना ते शून्य शून्य शून्य ऐकून हसू आलं.

एक गोष्ट आज नशिबाने आधीच कळली. लॅपटॉपवर कुठलाही प्रोग्राम पोर्ट उघडतो तेव्हा नॅनो आपोआप रीसेट होतो, तसं मुद्दाम ठेवलेलं असतं अपलोडसाठी. म्हणजे मोजणी बोर्डात ठेवली तर प्रत्येक वेळी शून्य. म्हणून बोर्ड फक्त 'कलंडली' एवढी एक ओळ पाठवतो आणि वेळ आणि बेरीज लॅपटॉपवरचा माझा पायथन प्रोग्राम लिहून ठेवतो.

२२ जून, रविवार

यंत्र गच्चीवर, बोर्ड यंत्राखाली डब्यात, तिथून यूएसबी खाली पडवीतल्या लॅपटॉपपर्यंत. अंतर साधारण १२ मीटर. ५ मीटरच्या दोन एक्स्टेन्शन आणि लाल ठिपक्याची केबल असं जोडलं.

ओळखत नाही. परत!

पण आता डीमेसेज रडतोय: डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर उणे ७१, चार वेळा, आणि शेवटी 'यूएसबी डिव्हाइस एन्युमरेट करता येत नाही'. म्हणजे बेल वाजली, तू कोण विचारलं, आणि उत्तर तुटक आलं. बोर्ड खाली आणून फक्त ठिपक्याच्या केबलने लावला, लगेच चालू. एक एक्स्टेन्शन मध्ये घातली, चालू. दोन घातल्या, गेला. दुसरी एकटी घालून बघितली, चालू, म्हणजे एक्स्टेन्शन खराब नाहीत, लांबी खराब आहे. यूएसबी २.० ला ५ मीटरची मर्यादा आहे हे माहीत होतं पण आपल्याला काय होतंय असं वाटलं होतं.

या तपासणीला वीस मिनिटं लागली. पहिल्या वेळी आठवडा गेला होता.

२४ जून, मंगळवार, सांजांव (सेंट जॉनचा सण)

कंपनीत शिवोलीचा एक मित्र आहे, त्याच्याकडे मध्ये ॲम्प्लिफायर असलेली लांब यूएसबी केबल आहे असं म्हणाला होता, पण आज तो कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या मारायला रजेवर. बरंच झालं, कारण घरी येताना बसमध्ये डोक्यात आलं की मी उलटंच करतोय. यूएसबी लांब न्यायचीच कशाला? बोर्ड लॅपटॉपशेजारी ठेवायचा, एक वीत केबल, आणि गच्चीवर न्यायच्या त्या फक्त रीड स्विचच्या दोन वायरी. स्विच म्हणजे उघड किंवा बंद, त्याला १२ मीटरचं काय. उलट बोर्ड पावसापासून लांब राहील, गच्चीवरच्या डब्यात दोन दिवसांत मुंग्यांनी अंडी घातलीच होती.

रात्री टेलिफोनची जुनी वायर ओढून जोडलं. चाललं.

२८ जून, शनिवार

चाललं पण जास्तच चाललं. काल रात्री ऊन पडल्यासारखं कोरडं होतं, थेंब नाही, आणि नोंदीत ३१ कलंड्या. वेळा बघितल्या तर सगळ्या साडेसहा ते सातच्या मधल्या, टाकी भरायला पंप लावतो तेव्हाच्या. लांब वायर म्हणजे अँटेनाच, पंपाचा स्टार्टर टाकला की तिच्यात टिचकी बसते. बोर्डच्या आतला पुल-अप रेझिस्टर (वायर वर ओढून धरणारा) ढिला असतो, २० ते ५० किलोओहम, त्याला अशा टिचक्या सहज ढकलतात. बाहेरून ४.७ किलोओहम लावला, ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, आणि प्रोग्राममध्ये एका कलंडीनंतर २०० मिलिसेकंद काही ऐकायचंच नाही. धो धो म्हणजे तासाला १०० मिलिमीटर पडला तरी दोन कलंड्यांमध्ये ८ सेकंद असतात, तेव्हा २०० मिलिसेकंदात खरं काही हुकणार नाही.

पंप पाच वेळा चालू-बंद केला. शून्य. वहिनी आतून ओरडल्या पाण्याचं काय चाललंय म्हणून.

२ जुलै, बुधवार

कामावरून आलो तर नोंद दुपारी तीनला थांबलेली. पोर्ट सापडत नाही असं पायथन म्हणतोय. डीमेसेज बघितलं तर बोर्ड मजेत आहे, फक्त टीटीवाययूएसबी० चा टीटीवाययूएसबी१ झालाय. म्हणजे मध्ये कोणीतरी काढून परत लावला.

बाबा. दुपारी गडगडलं, त्यांनी नेहमीप्रमाणे टीव्ही, इन्व्हर्टर, माझी केबल सगळं उपटलं आणि अर्ध्या तासाने सगळं व्यवस्थित परत लावलं. रागावणार कसं, बरोबरच केलं त्यांनी, गच्चीवरून वायर येते ती विजेला आमंत्रणच. काढताना प्रोग्रामने जुनं पोर्ट उघडं धरून ठेवलेलं, म्हणून लावताना नवीन नंबर मिळाला.

आयडीवरून कायमचं नाव देऊ म्हटलं तर सीएच३४० ला स्वतःचा सीरियल नंबर नसतो, माझे दोन बोर्ड एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत. म्हणून कुठल्या भोकात लावलाय त्यावरून नाव, सीरियल बाय-पाथ. लॅपटॉपच्या त्या पोर्टला पण नेलपॉलिशचा ठिपका, ठिपक्याला ठिपका लावायचा एवढं बाबांना सांगितलं. शिवाय प्रोग्राम दर दहा सेकंदांनी पोर्ट परत शोधतो. आणि गच्चीवरची वायर काढायला वेगळा प्लग दिला, गडगडलं की तो पहिला काढायचा.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

काल सकाळी साडेआठ ते आज साडेआठ, पहिला पूर्ण दिवस, एकही खंड नाही. रात्रभर कौलांवर जो चालला होता तो आज सकाळपर्यंत. ३४० कलंड्या, ७५.८ मिलिमीटर, म्हणजे २.९८ इंच.

बाबा छत्री घेऊन डब्याकडे गेले, वाकले, पट्टी बुडवली, चष्मा वर करून बघितलं. ३.१.

फरक कुठून ते साधारण माहीत आहे. जोरात पाऊस असला की बादली कलंडत असताना त्या क्षणाला पडलेलं पाणी भरलेल्या खणातच जातं आणि वाया जातं, म्हणून असली यंत्रं मोठ्या पावसात थोडं कमीच दाखवतात. नरसाळ्यात माडाच्या फुलांचा कचरा पण होता. जाळी बसवायची, पुढच्या रविवारी. जोराच्या पावसासाठी वेगळा गुणक काढायचा, सिरिंजने नाही, बाटलीला बारीक भोक पाडून, ठराविक वेगाने.

बाबांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "म्हज्या डब्याक वळख लागना." मग डायरी उघडली, ३.१ लिहिलं, थोडा वेळ पेन तसंच धरून बसले आणि पुढे कंसात बारीक अक्षरात २.९८.